चांगलंच सांगितलं असंल

घर भाड्यानं देताना मालक काय काय विचारतात ते मला तोंडपाठ होतं. माणसं किती, मटण शिजवता का, पाहुण्यांचा राबता किती, बदली कधी होणार. सिरसाळ्याच्या जिल्हा परिषद शाळेत माझी बदली झाली तेव्हा वडिलांना बरोबर घेऊन मी पाच घरं पाहिली आणि पाचही ठिकाणी ही परीक्षा दिली. सहाव्या घराच्या मालकानं यातलं काहीच विचारलं नाही. हातात पेचकस, दोरीनं कानामागं बांधलेला चष्मा, तेलाचे डाग पडलेला पांढरा सदरा. मी वाकून चपला काढता काढता म्हटलं, "खोली आहे का?" तर गप्प. पुन्हा म्हटलं. तर हा माणूस म्हणतो, "बाई, जमिनीला विचारायलाव का मला?"

मी तोंड वर केलं. "खोली आहे का म्हटलं."

"हाय की. पर एकच अट. बोलायचं तर तोंड दाखवून बोलायचं. पाठमोरं न्हाई, तोंडाला पदर लावून न्हाई, दुसऱ्या खोलीतून हाका मारून तर बिलकुल न्हाई. मंजूर असंल तर सामान टाका."

मी मनात म्हटलं, चक्रम आहे. पण खोलीला दोन खिडक्या होत्या आणि वडिलांचे पाय दुखायला लागले होते, म्हणून सामान टाकलं. पुढची सहा वर्षं मी त्या चक्रम माणसाला चाचा म्हणत राहिले. आता मी उमापूरला असते, इथले घरमालक फार शहाणे आहेत, आणि खरं सांगते, मला करमत नाही.

गावात त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. घराच्या पुढच्या अंगाला, रस्त्याकडे तोंड करून त्यांचं पत्र्याचं दुकान. मिक्सर, पंखे, विहिरीतल्या मोटारी, लग्नाचे माईक, देवळाचे भोंगे, मशिदीचे भोंगे, सगळं तिथं दुरुस्तीला यायचं. दुरुस्तीची त्यांची रीत बघण्यासारखी होती. बिघडलेली मोटर चालू करायची, पेचकसाचं टोक तिच्या अंगाला टेकवायचं आणि मूठ दातात धरायची. मग डोळे मिटून असे उभे राहायचे की गिऱ्हाईक घाबरून म्हणायचं, "चाचा, करंट बसंल की!" दातातून पेचकस काढून चाचा निकाल द्यायचे, "बेरिंग गेलंय. डावीकडचं." आणि डावीकडचंच गेलेलं असायचं. कानानं का ऐकत नाही म्हणून कुणी विचारलं तर म्हणायचे, "कान खोटं बोलतोय. हाड इमानदार असतंय." मला ते इतकं आवडलं की मी वर्गातल्या पोरांना पट्टी दातात धरून बाकावर टिचकी मारायला लावली. चाळीस पोरं पट्ट्या चावत बसलेली बघून मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं, ते वेगळं.

मोठ्या आवाजाचा त्यांना भारी राग. वरातीच्या डीजेचा अँप्लिफायर दुरुस्तीला आला की दुरुस्त करायचे, पण आवाजाच्या बटणाखाली कथिलाचा एक ठिपका असा सोडायचे की बटण निम्म्याच्या पुढं फिरूच नये. एकदा एका नवरदेवाचे दोघं भाऊ दुकानावर चालून आले. "चाचा, पाचच्या पुढं जाईना की हे!"

चाचा हातातलं काम न सोडता म्हणाले, "पुढं कायबी न्हाई बे. म्या बघून आलोय."

मी दारात उभी राहून पोट धरून हसले. तो विनोद नव्हता, हे कळायला मला पुढं बरेच दिवस लागले.

एक गोष्ट मात्र मला अजिबात सहन व्हायची नाही, ती म्हणजे अंगणातला नळ. नळाखाली पत्र्याचा डबा उपडा पडलेला, आणि त्यावर दिवसरात्र टप, टप, टप. डबा हलवला की फरशीवर टप टप. तिथून पाणी मोगऱ्याच्या आळ्यात जायचं. मी चाचांसमोर जाऊन, अटीप्रमाणे तोंड दाखवून सांगायची, "चाचा, या नळाच्या टपटपीनं माझं डोकं उठलंय." ते नळापाशी जायचे, मान तिरकी करायचे आणि म्हणायचे, "कुठं टपटपतोय? गप हाय की बिचारा. थेंब गळतोय तर गळू द्या, मोगऱ्याला पाणी हुतंय." दुनियेच्या मोटारी दुरुस्त करणारा माणूस घरचा वॉशर बदलत नाही म्हणजे हा निव्वळ मालकपणाचा माज, असं मी ठरवून टाकलं. चाचींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, तसं बोलूनही दाखवलं. चाची नुसत्या हसल्या. त्या सावलीसारख्या दुकानात चाचांच्या समोरच बसून असायच्या. गिऱ्हाईक मागून आलं की भुवई उडवायच्या, आणि चाचा वळून म्हणायचे, "बोला." मला वाटायचं, काय हे म्हातारपणाचं प्रेम! एक मिनिट नजरेआड होत नाहीत.

आता आबांचं सांगते, कारण खरी गोष्ट तिथूनच आहे.

आबा म्हणजे माझे वडील. दिंद्रुडला पोस्टमन होते. पत्र नुसतं दारात टाकायचे नाहीत. ज्याला वाचता येत नाही त्याच्या ओट्यावर बसून ते वाचून दाखवायचे, आणि असं खणखणीत की पत्र एकाचं आणि ऐकायला सगळी गल्ली. त्याच आवाजामुळं सप्ताहाच्या पारायणात त्यांना पहिल्या ओळीत जागा असायची. म्हातारपणी कान गेले तसे ते हळूहळू गप्प झाले. माझ्याशी बोलायला त्यांना एकच शब्द पुरायला लागला.

"आबा, आज शाळेत तपासणीला साहेब आले होते."

"असंल."

"आबा, भाजीत मीठ जास्त झालंय का?"

"असंल."

मी वैतागायची. "असंल काय, आबा? तुमच्या तोंडात आहे भाजी!" तर ते ओशाळं हसायचे. ते हसणं आठवलं की आजही माझी मलाच लाज वाटते.

गंमत बघा, हाच शब्द चाचांच्याही तोंडी होता. दर शुक्रवारी दुपारच्या नमाजला ते इस्त्रीचा सदरा घालून, अत्तर लावून जायचे. शाळा सुटून आले की मी सहज विचारायची, "चाचा, आज काय सांगितलं मौलवींनी?" नमाजच्या आधी मौलवी अर्धा तास बोलतात, ते बयान. चाचा दर वेळी म्हणायचे, "चांगलंच सांगितलं असंल." मला वाटायचं, यांचं लक्षच नसतं, डुलक्या घेत असणार. मागच्या बाकावरचं पोरगं गप्प का बसतं, त्याला फळा दिसत नाही का, हे मला दोन दिवसांत कळतं. त्याच मला, एकाच अंगणात दोन माणसं एकाच शब्दावर दिवस काढतायत, हे काही उमगलं नाही. बाई कसली मी, बावळट!

संध्याकाळी दोघं ओट्यावर समोरासमोर बसायचे आणि झकास गप्पा मारायचे. चाचा सावकाश, एकेक शब्द सोडवून बोलायचे, आबा त्यांच्या ओठांकडे बघत राहायचे. कान गेलेल्या माणसाशी इतक्या धीरानं बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नव्हता. माझं सगळं ओरडून चालायचं. चाचा मला रागवायचे, "बाई, कावून ओरडताव? आवाज वाढवला की बोल फाटतेत. आवाज न्हाई, बोल पोचवा."

मी आबांना अंबाजोगाईला नेऊन कानाचं मशीन बसवून आणलं होतं. आठ दिवस घातलं आणि ठेवून दिलं चष्म्याच्या डबीत. "भांडी आदळतेत, पंखा घरघरतोय, कुत्री भुकतेत," म्हणाले, "सगळं ऐकू येतंय, माणूस सोडून." मी म्हटलं, सवय होईल. त्यांनी डबी बंद केली.

पहिल्याच वर्षी मारुतीच्या देवळात सप्ताह बसला. आबा पोथी घेऊन निघाले. रविवार होता, म्हणून मीही बायकांच्या बाजूला जाऊन बसले. पारायणाची रीत अशी, की पुढं बसलेले महाराज माईकवर वाचतात आणि त्यांच्या सुरात सगळा मांडव वाचतो. मध्ये महाराज थांबले की सगळ्यांनी थांबायचं, ते अर्थाचे दोन शब्द बोलतात, मग पुन्हा सुरू. वर पत्रे, चारी कोपऱ्यांना भोंगे, आवाज नुसता घुमत होता. आबांनी डोळे पोथीत घातले आणि सुटले. महाराज थांबले. मांडव थांबला. आबा थांबले नाहीत.

त्या शांततेत एकट्या आबांचा आवाज, तोच जुना पोस्टमनचा खणखणीत आवाज, ओवीमागून ओवी. आधी पोरं हसली, मग बाया. आबांना वाटत होतं, सगळे आपल्याबरोबर आहेत. पान उलटलं तरी वाचतच होते. शेवटी देवस्थानचे अध्यक्ष उठून आले आणि त्यांनी आबांच्या पोथीवर हात ठेवून ती मिटली. "आबा, बास आता. तुमी घरी वाचत चला." आबांनी मान वर केली, सगळ्यांची तोंडं आपल्याकडं वळलेली पाहिली, आणि त्यांना कळलं.

त्या वेळी मी काय केलं? मी मान खाली घातली. ते माझे वडील आहेत हे कुणाच्या ध्यानात येऊ नये असं मला वाटलं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

आबांनी घरी येऊन पोथी तांबड्या फडक्यात बांधली आणि फडताळात वरच्या फळीवर ठेवली. पुन्हा देवळाचं नाव काढलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "देवाला ऐकू येतंय ना? झालं तर." तेवढं एक वाक्य, आणि मग दिवसचे दिवस नुसतं "असंल".

चार दिवसांनी चाचा दारात. "आबांचं मशीन बघू." डबी उघडून त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, मशीन उजेडाकडं धरलं. "बाई, हितं बारीक बटण हाय. एकीकडं एम लिवलंय, एकीकडं टी. एम म्हंजी माईक. हे टी कशाला?"

मी वह्या तपासत होते. वर न बघता म्हटलं, "असेल काहीतरी."

चाचा इतके भडकले की मला पेन खाली ठेवावं लागलं. "असंल? तुमीबी असंल म्हणायलाव? बाई, ह्या घरात दोघं म्हणतेत तेवढं बास हाय!"

दोघं कोण, हे तेव्हाही मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून ते एसटीनं अंबाजोगाईला गेले. त्या कानाच्या दवाखान्यात एक तरुण मुलगी मशीनं बसवायची, तिला त्यांनी गाठलं. परतले ते नव्या नवरदेवासारखे, पाय जमिनीवर नव्हते. मला पुढ्यात बसवून समजावलं. हॉलच्या कडेनं तांब्याची तार फिरवायची. माईकचा आवाज भोंग्यात नेतो तसा एक अँप्लिफायर लावून त्या तारेत सोडायचा. मग तारेच्या आत कुणी मशीनचं बटण टीवर करून बसला की बोल सरळ त्याच्या कानात. "घुमणं न्हाई, पंखा न्हाई, पोरांचा कालवा न्हाई. हवेतून येतच न्हाई, बाई. डायरेक!" मग म्हणाले, "इतकी वर्षं म्या भोंगे बांधले. कुणी मला ह्ये सांगितलं न्हाई."

पहिला प्रयोग आमच्याच खोलीत. भिंतीच्या कडेनं तार ठोकली, अँप्लिफायर दारात, माईक पार पलीकडं दुकानात चाचींच्या हातात. मधोमध खुर्चीवर आबा, नाखुशीनं. चाचांनी त्यांच्या मशीनचं बटण सरकवलं आणि दुकानाकडं हात हलवला. मला काहीच ऐकू आलं नाही. आबा मात्र एकदम ताठ बसले, इकडंतिकडं बघायला लागले. मग आपल्या आपण मोठ्यानं म्हणाले, "घेतो की. पर साखर कमी टाका."

चाचींनी दुकानातून विचारलं होतं, आबा, च्या घेता का.

मी रडले. सरळ तोंडाला पदर लावून रडले. अट मोडली. चाचा आबांना म्हणाले, "जरा द्या बघू, तार बराबर लागली का तपासतो," आणि मशीन आपल्या कानात घातलं. "बोल गं," त्यांनी हात हलवला.

मग ते डोळे मिटून नुसते उभे राहिले, मोटर तपासताना उभे राहतात तसे. दातात पेचकस नव्हता एवढंच. चाची दुकानाच्या दारात येऊन बघायला लागल्या. "और बोल," चाचा म्हणाले. "क्या बोलूँ जी?" "कुछ भी." माईक तोंडाशी धरून चाची म्हणाल्या, "बाजारसे भेंडी लाये क्या?" मला हे सगळं दोन्हीकडून दिसत होतं. भेंडीचं नाव ऐकून एवढं डोळे भरून आलेला माणूस मी जन्मात पाहिला नाही.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. तोंड दाखवायची अट. भुवई उडवणाऱ्या चाची. दातातला पेचकस. गप्प असलेला नळ. आणि ते "पुढं कायबी न्हाई, म्या बघून आलोय". सगळं तारुण्य भोंग्याच्या तोंडापाशी उभं राहून काढलं होतं त्यांनी.

"चाचा, तुम्हालासुद्धा..."

त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. "कुठं बोलू नका, बाई. आवाजाचा मिस्त्री बहिरा झाला म्हणलं तर दुकानावर कोण यील?" आणि मशीन सदऱ्याच्या टोकानं पुसून आबांच्या हातात दिलं. द्यायला जरा वेळ लावला.

पुढच्या सप्ताहाआधी चाचा देवळाच्या अध्यक्षांकडं गेले. मी सोबत होते. अध्यक्ष माणूस वाईट नव्हता, पण त्यानं नुकतेच चार नवे भोंगे बसवले होते आणि त्याचा त्याला फार अभिमान. "मिस्त्री, शेजारच्या गावापर्यंत जातोय आपला आवाज. आन तुमी म्हणताव, देवळात बसून ऐकू येत न्हाई?"

"शेजारच्या गावाला जातोय, पर ह्यांच्या आबांच्या कानात न्हाई जात. आवाज लई हाय, अध्यक्ष. बोल न्हाईत."

"मग अजून दोन भोंगे लावू."

चाचांनी कपाळाला हात लावला. पाऊण तास वाद झाला. मी मध्ये तोंड घातलं आणि जरा जास्तच बोलले, ते इथं सांगत नाही. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "लावा बुवा तुमची तार. पर सप्ता झाला की तार खाली उतरायची. देवळाला असं गुंडाळून ठेवलेलं बरं दिसत न्हाई."

चाचा हातोडी घेऊन तार लावायला लागले. सभामंडपाच्या चारी बाजूंनी, गुडघ्याएवढ्या उंचीवर, खांबाखांबाला. बाया प्रदक्षिणा घालत होत्या. त्यातली एक म्हातारी थांबली. "मिस्त्रीदादा, कशाचं सूत गुंडाळायलाव देवाला?"

चाचा तोंडात खिळे धरून म्हणाले, "देवळाला कान बसवायलोय, आक्का."

बस्स, तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तार बघायला गेलो तर जिथं तारेची दोन टोकं जुळत होती त्या खांबावर हळदीकुंकवाची बोटं, खाली दोन फुलं आणि एक सुपारी. वडाला गुंडाळतात तसलंच काही व्रत असणार, असं बायांनी आपसात ठरवून टाकलं होतं. कुणी म्हणे, नवस आहे. चाचा हादरले. ओल्या हळदीनं तार खराब होईल म्हणून त्यांनी जोडावर रबराची नळी चढवली. तर बायांनी नळीला कुंकू लावलं.

आधी तारेत नुसतं घूं व्हायचं. आबा टीवर बटण करून बसले की म्हणायचे, "भुंगा हाय." चाचांनी दोन दिवस डोकं खाजवलं. शेवटी सापडलं, की रोषणाईच्या माळांची वायर तारेला चिकटून गेली होती. ती हातभर दूर सरकवली तसा भुंगा उडाला.

पण आबा सप्ताहाला यायला तयार होईनात. खोलीत चहा मागणं वेगळं आणि त्या मांडवात बसणं वेगळं. "पुन्हा तसंच झालं तर?" म्हणाले. मलाही तीच भीती होती. चाचा आत आले, त्यांनी स्वतः फडताळातून पोथी काढली. फडक्याला हात लावून काढली, पोथीला नाही, आणि आबांच्या मांडीवर ठेवली. "चला, आबा. आज तुमी हसलाव तर मी हसंल. दुनिया हसली तर मी तार तोडून टाकतो." आबा उठले.

सकाळची वेळ. मांडव भरत होता. आबा पहिल्या ओळीत बसले नाहीत, पार मागं खांबाला टेकून बसले. मी बायकांत. चाचा अँप्लिफायरपाशी. भोंग्यांचं बटण अजून बंद होतं, तारेचं मात्र त्यांनी चालू करून ठेवलं होतं. महाराज माईकसमोर येऊन बसले. अध्यक्ष त्यांच्या कानाशी वाकले आणि हळूच काहीतरी म्हणाले. समोरच्या ओळीलासुद्धा ते ऐकू गेलं नाही.

तेवढ्यात मांडवाच्या पार मागून आबांचा खणखणीत आवाज आला, "न्हाई सुटत आता, अध्यक्ष! तुमी बिनघोर चालू करा."

सगळा मांडव मागं वळला. अध्यक्षांचं तोंड असं झालं की काय सांगू! महाराजांना हसू आवरेना. त्यांनीच मग सांगितलं, की अध्यक्ष म्हणाले होते, ते बहिरं म्हातारं परत आलंय, मध्ये वाचत सुटलं तर तुम्ही थांबू नका, मी बघतो. माईकच्या पुढ्यातलं ते कुजबुजणं तारेतून थेट आबांच्या कानात गेलं होतं. चांगले कान असलेल्या एकाही माणसाला जे ऐकू आलं नाही, ते एकट्या आबांनी ऐकलं. अध्यक्ष उठून मागं आले. मला वाटलं, आता भांडण. पण त्यांनी आबांचा दंड धरला, त्यांना पहिल्या ओळीत नेऊन बसवलं आणि म्हणाले, "चुकलं माझं."

वाचन सुरू झालं. मी पोथीत बघतच नव्हते, आबांच्या पाठीकडं बघत होते. एक ओवी, दोन ओव्या, दहा. मग महाराज थांबले. मांडव थांबला.  पुढची ओवी आबांच्या आवाजात येईल म्हणून वाट बघत राहिले.

आली नाही. आबा थांबले होते, सगळ्यांबरोबर, अगदी वेळेवर. आजवर मी पुष्कळ कीर्तनं, भजनं ऐकली, पण त्या दोन क्षणांच्या शांततेइतकं चांगलं मला काही ऐकू आलेलं नाही.

सप्ताह संपला. तार उतरवायची वेळ आली तेव्हा अध्यक्षांनी माणूस पाठवला. तो खांबापाशी गेला, हळदीकुंकू पाहिलं आणि परत फिरला. "म्या न्हाई हात लावणार." अध्यक्ष स्वतः आले, तर बायांनी त्यांना घेरलं. पुढं देवळाला रंग दिला, वायरिंग बदललं, भोंगेसुद्धा बदलले. तार आहे तिथंच आहे. चाचा म्हणायचे, "म्या जोड पक्का केलता, पर खरा पक्का केला तो बायांनी."

देवळाचं बघून मशिदीच्या लोकांनीच चाचांना बोलावलं, आमच्याकडंही तार लावा म्हणून. चाचांनी आनंदानं लावली आणि लावल्यावर अडकले. आत बसून तपासायला मशीनवाला कान पाहिजे, आणि आबांना तिथं रोज कुठं नेणार? चार दिवस ते दुकानात नुसते खिळे मोजत बसले. पाचव्या दिवशी चाचींना घेऊन अंबाजोगाईला गेले आणि कानात मशीन घालून आले, उघडपणे, सगळ्या बाजारातून चालत. दुकान काही बंद पडलं नाही. उलट म्हातारी माणसं बिघडलेले पंखे घेऊन यायची आणि पंखा बाजूला ठेवून कानाचंच विचारत बसायची. चाचा सगळ्यांना पहिलं बटण बघायला सांगायचे. "टी हाय का? असंल म्हणू नका, बघून सांगा."

मशिदीत तार लागल्यावरचा पहिला शुक्रवार. शाळा सुटून मी घरी आले तर चाचा ओट्यावर बसलेले, अजून डोक्यावर टोपी, अंगात इस्त्रीचा सदरा. दुकान उघडलंच नव्हतं. समोर आबा. मी सवयीनं विचारलं, "चाचा, आज काय सांगितलं मौलवींनी?"

सवयीनंच त्यांनी तोंड उघडलं, "चांगलंच सांगि..." आणि थांबले. माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "बाई, बसा. दप्तर ठेवा."

आणि सुरू झाले. बयान पाण्यावर होतं. मौलवी कसे उभे राहिले, आधी काय म्हणाले, पाणी ही कशी अमानत, म्हणजे देवाची ठेव, आहे, हातपाय धुताना थोडक्यात कसं भागवावं, एका जागी त्यांना खोकला आला, मग पुन्हा काय म्हणाले. खोकलासुद्धा सोडला नाही. सगळ्या वर्षांचं मागचं राहिलेलं एका दमात भरून काढत होते. चाची आतून येऊन दाराला टेकून उभ्या होत्या. मी दप्तर मांडीवरच धरून ऐकत होते आणि मला मेलीला पुन्हा रडू येत होतं.

मध्येच ते थांबले. मान तिरकी केली. "हे काय वाजायलंय?"

टप, टप, टप.

"नळ आहे, चाचा," मी म्हटलं. "दोन वर्षं झाली."

ते उठले, दुकानातून पाना आणि वॉशर घेऊन आले आणि टोपी न काढता नळाशी उकिडवे बसले. आबा आत जाऊन मशीन कानात घालून आले, चाचांच्या मागं उभे राहिले, आणि मुद्दाम, तोंड न दाखवता, पाठीमागूनच विचारलं, "काय हो मिस्त्री, मौलवींनी काय नळ दुरुस्त करा म्हणून सांगितलं असंल का?"

चाचा वळलेसुद्धा नाहीत. पान्यानं शेवटचा आटा आवळला आणि म्हणाले, "असंल न्हाई, आबा. सांगितलं."